स्टेम सेल संशोधन : वाद नेमका कशावर?

रक्ताच्या कर्करोगात अस्थिमज्जेतल्या मूळपेशी, म्हणजे स्टेम सेल, देतात. त्याला कुणाची हरकत नाही. वाद आहे तो भ्रूणातल्या पेशींचा. १९९८ मध्ये अमेरिकेत त्या प्रथम वेगळ्या केल्या, पण त्यासाठी पाच-सहा दिवसांचा भ्रूण मोडावा लागतो. कॅथलिक चर्चला तो माणसाचाच जीव वाटतो. आपले बरेच उलमा हदीसच्या आधारे १२० दिवसांनी रूह फुंकली जाते असं मानतात, काही ४० म्हणतात. मक्केतल्या राबिताच्या फिक्ह अकादमीने २००३ मध्ये आयव्हीएफमधून उरलेले, आईबापांनी राजीखुशीने दिलेले भ्रूण चालतील असं ठरवलं. मुद्दाम पाडलेला गर्भ नाही. पण रूह नाही म्हणजे हुरमतही नाही, हे आम्हाला पटत नाही. आणि राजीखुशी म्हणजे काय? संमतीचा कागद आईला तिच्या भाषेत समजावला होता का, हे आम्ही आधी विचारू.