शारीर नमुने, परिरक्षित

शरीररचनाशास्त्राच्या अध्यापनासाठी कुजू न देता टिकवलेले मानवी अवयव, छेद वा संपूर्ण देह.

सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात मृतदेह गवतात गुंडाळून सात रात्री वाहत्या पाण्यात ठेवावा आणि मग वाळा, केस, बांबू यांच्या कुंच्याने घासत त्वचेपासून एकेक थर पाहावा, असे सांगितले आहे. तेथे कुजणे हेच साधन होते. १८९३ मध्ये फेर्डिनांट ब्लूम यांनी ऊतके स्थिर करण्याचा फॉर्मॅलिनचा गुण दाखवला आणि नमुने वर्षानुवर्षे टिकू लागले. महाराष्ट्रात बेवारस व दान केलेले देह महाविद्यालयांना देण्याची तरतूद १९४९ च्या शरीररचनाशास्त्र अधिनियमात आहे (पहा : देहदान). वऱ्हाडात अमरावतीचे डॉ. पंजाबराव देशमुख स्मृती वैद्यकीय महाविद्यालय (१९८४) व अकोल्याचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय (२००२) येथे शरीररचनाशास्त्र पहिल्या वर्षाला शिकवला जातो.

संपूर्ण देहात मांडीच्या धमनीतून फॉर्मॅलिनयुक्त द्रावण भरतात. सुटे अवयव बरणीत साधारण १० टक्के फॉर्मॅलिनमध्ये ठेवतात. हृदयाच्या नमुन्यात जवनिकेची भिंत खिडकीसारखी कापलेली असते. आत झडपांना ताणून धरणारे पांढरे तंतू दिसतात. मूळ लाली मात्र जाऊन करडेपणा येतो. वऱ्हाडच्या कडक उन्हाळ्यात बरणीचे झाकण घट्ट असावे लागते. द्रावण उडून उघडा पडलेला भाग आक्रसतो. फॉर्मॅलिनमधील फॉर्मॅल्डिहाइड कर्करोगकारक असल्याने खेळती हवा अत्यावश्यक ठरते. १९७७ मधील गुंटर फॉन हागेन्स यांच्या प्लॅस्टिनेशन पद्धतीत ऊतकांतील पाणी व मेद यांची जागा बहुवारिक घेते. नमुना कोरडा व गंधहीन होतो (पहा : बहुवारिके).

प्लास्टिकच्या प्रतिकृतीत न सापडणारे धमन्यांचे व्यक्तिगत फरक खऱ्या नमुन्यातच दिसतात, शस्त्रक्रियेत तेच निर्णायक असतात (पहा : शवविच्छेदन, शस्त्रक्रियाविज्ञान).