जायंट डायव्हर्टिक्युलम : मोठ्या आतड्यात 'फुगा' तयार होतो तेव्हा काय घडतं?

पोटात दुखायला लागलं की 'गॅस झाला असेल' म्हणत आपण ओवा चावतो किंवा चूर्ण घेतो. बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतंही. पण एका दुर्मीळ आजारात गॅस खरोखरच आतड्याच्या पिशवीत अडकतो. ती पिशवी फुटली, तर जिवावर बेतू शकतं.

ही पिशवी येते कुठून?

वय वाढतं तसे मोठ्या आतड्याच्या भिंतीतले कमकुवत भाग आतल्या दाबाने बाहेर ढकलले जातात. तिथे छोट्या पिशव्या तयार होतात, त्यांना डायव्हर्टिक्युला म्हणतात. त्या सहसा १ सेंटिमीटरहून लहान असतात आणि अनेकांना त्यांचा आयुष्यभर त्रास होत नाही. एखादी पिशवी ४ सेंटिमीटरपेक्षा मोठी झाली, तर ती 'जायंट' म्हणजे महाकाय ठरते. वैद्यकीय साहित्यात तिची पहिली नोंद १९४६ सालची आहे.

ती एवढी फुगते कशी?

सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह आठवा. हवा आत जाते, बाहेर येत नाही. पिशवीचं अरुंद तोंड असंच काम करतं, असं मानलं जातं. काही वेळा छोटी पिशवी फुटते, आजूबाजूला पू साठतो आणि त्याभोवती नवी भिंत तयार होते. मग त्यात गॅस भरत जातो. बहुतेक रुग्ण साठीच्या पुढचे असतात आणि फुगा बहुधा आतड्याच्या सिग्मॉइड भागात, म्हणजे गुदाशयाच्या थोडा वर असतो.

लक्षणं कोणती?

पोटदुखी, पोट फुगणं, हाताला लागणारी मऊ गाठ. काहींना महिनोन् महिने किरकोळ त्रास होतो, तर काहींना अचानक असह्य कळा येतात.

निदान आणि उपचार

एक्स-रेमध्ये फुग्यासारखी काळी सावली दिसते. नेमकं चित्र सीटी स्कॅनमधून कळतं. कोलोनोस्कोपीत पिशवीचं तोंड अनेकदा सापडतच नाही. औषधांनी हा फुगा जात नाही. त्यामुळे सहसा पिशवीसह आतड्याचा तेवढा भाग काढून टाकून उरलेली टोकं जोडतात.

हॉस्पिटल कधी गाठायचं?

अचानक तीव्र दुखणं, पोट लाकडासारखं कडक होणं, ताप, उलट्या, शौच आणि वारा दोन्ही बंद होणं, यांपैकी काहीही झालं तर जुलाबाचं औषध किंवा एनिमा घेऊ नका. थेट हॉस्पिटल गाठा. घरातल्या वयस्कर माणसाचं असं दुखणं 'गॅस' समजून सकाळपर्यंत थांबणं धोक्याचं ठरू शकतं.