भरावाची जमीन आणि भूकंपाचा नकाशा

भूकंपाची महत्ता, म्हणजे उगमापाशी मुक्त झालेल्या ऊर्जेचे माप, एका आकड्यात सांगता येते. त्याची तीव्रता, म्हणजे एखाद्या ठिकाणी जमीन प्रत्यक्षात किती हादरली याचे माप, मात्र गावागणिक आणि वस्तीगणिक बदलते, आणि पुष्कळदा एकाच रस्त्याच्या दोन टोकांना ती सारखी नसते. उगमापासून अंतर वाढत जाते तसा हादरा मंदावत जातो हा सर्वसाधारण नियम या बदलाचा काही भागच उलगडतो; उरलेला भाग पायाखाली खडक आहे, वाळू आहे, की गाळ, यावर अवलंबून असतो. हा भेद माणसाच्या नजरेला लवकर आला, परंतु त्याचा नकाशा होण्यास आणि त्या नकाशाला कायद्याचे बळ मिळण्यास फार काळ लागला. सॅन फ्रान्सिस्को शहराच्या इतिहासात हा विलंब जितका स्पष्ट दिसतो तितका क्वचितच कोठे दिसत असेल.

या विषयातील एक आरंभीची नोंद कच्छची आहे. १६ जून १८१९ रोजी तेथे मोठा भूकंप झाला, तेव्हा कंपनी सरकारचा तेथील अधिकारी कॅप्टन जेम्स मॅकमर्डो याने असे टिपून ठेवले की, खडकावर उभ्या असलेल्या इमारतींना त्या मानाने कमी धक्का बसला, तर ज्यांचा पाया मातीच्या थराच्या तळापर्यंत पोहोचला नव्हता त्यांचे नुकसान अधिक झाले. मुंबईच्या लिटररी सोसायटीच्या ग्रंथमालेत १८२३ मध्ये हा वृत्तान्त छापला गेला. निरीक्षण अचूक होते, पण ते एका वाक्यापुरते राहिले, आणि त्यापासून नकाशा निघाला नाही.

सॅन फ्रान्सिस्कोची जमीनच मुळात दोन प्रकारची आहे. शहराच्या टेकड्या जुन्या, कठीण खडकाच्या आहेत, तर त्यांच्या पायथ्याशी वाळूचे उंचवटे, दलदली, ओढे आणि उपसागराच्या उथळ खाड्या होत्या. १८४९ च्या सुवर्णशोधाच्या लाटेत लोकांची रीघ लागली, तेव्हा बंदराजवळची सपाट जमीन पुरेना, म्हणून येर्बा बुएना खाडीत वाळू, कचरा, मोडकी लाकडे, जे हाती येईल ते टाकून भराव घालण्यात आला. खलाशी सोन्याच्या मागे निघून गेल्यामुळे बेवारस पडलेली गलबतेसुद्धा त्या भरावात गाडली गेली. त्यांपैकी ‘निआंटिक’ या गलबताचा सांगाडा १९७८ मध्ये शहराच्या व्यापारी भागात पाया खणताना सापडला. हा भराव दाबून घट्ट केलेला नव्हता आणि त्याच्याखालचा खाडीचा चिखल तर त्याहून मऊ होता. १८६८ च्या हेवर्ड भूकंपात शहरातील नुकसान मुख्यतः अशाच जमिनीवर झाले आणि ते त्याच वेळी लोकांच्या ध्यानातही आले. तरीही भराव घालण्याचे काम थांबले नाही.

१८ एप्रिल १९०६ रोजी पहाटे ५ वाजून १२ मिनिटांनी सॅन आंद्रेआस भ्रंश, म्हणजे भूकवचातील मोठी भेग, सरकला आणि शहर भूकंपाने हादरले. त्यानंतर राज्याने नेमलेल्या चौकशी आयोगाचे अध्यक्षपद बर्कलीचे भूविज्ञानाचे प्राध्यापक अँड्र्यू लॉसन यांच्याकडे होते, आणि शहराच्या पाहणीचे काम हॅरी वुड या तरुण अभ्यासकाकडे आले. शहरभर फिरून, इमारती आणि रस्ते तपासून त्यांनी दिसून येणाऱ्या तीव्रतेच्या पाच श्रेणी नकाशावर रंगवल्या. सर्वांत सौम्य श्रेणीत एखाददुसरे धुराडे पडलेले असे, त्याच्या वरच्या श्रेणीत बहुतेक धुराडी कोसळलेली असत, मधल्या श्रेणीत विटांच्या भिंतींना मोठे तडे गेलेले असत, तर त्याहून वरच्या श्रेणीत सामान्य मजबुतीच्या विटांच्या आणि लाकडी इमारती सर्रास ढासळलेल्या असत. धुराडे हे येथे फार उपयोगी साधन ठरले, कारण ते जवळपास प्रत्येक घरावर होते आणि त्याची बांधणी बरीचशी सारखी होती. भूकंपापाठोपाठ लागून तीन दिवस चाललेल्या आगीने मध्यवर्ती भागातील इमारतींचा पुरावा नष्ट केला होता, त्यामुळे तेथे फरसबंदीतील खळगे, वाकलेले ट्रामचे रूळ आणि सरकलेल्या रस्त्यांच्या कडा यांवर अधिक भिस्त ठेवावी लागली.

व्हॅलेन्शिया रस्त्यावरील खुणा यांत विशेष बोलक्या होत्या. मिशन भागातील जुन्या दलदलीवर घातलेल्या भरावावरून हा रस्ता जात होता; तेथे रस्ता खचून बाजूला सरकला, पाण्याची मुख्य नळवाहिनी फुटली, आणि एका चार मजली लाकडी हॉटेलचे खालचे मजले असे कोसळले की सर्वांत वरचा मजला जवळजवळ रस्त्याच्या पातळीवर आला. उलट टेलिग्राफ हिलसारख्या खडकाळ टेकडीवर धक्का सौम्य होता. १९०८ मध्ये कार्नेगी संस्थेने प्रसिद्ध केलेल्या अहवालात वुड यांचा निष्कर्ष निःसंदिग्ध आहे: नुकसानीचे प्रमाण प्रामुख्याने जमिनीच्या भूवैज्ञानिक स्वरूपावर ठरले. या नकाशाचे खरे मोल असे की, भ्रंशापासून अधिक दूर असलेल्या पूर्वेकडील भरावावर हादरा अधिक आणि भ्रंशाच्या जवळच्या कित्येक टेकड्यांवर कमी, ही वस्तुस्थिती त्याने डोळ्यांसमोर मांडली.

शहराने मात्र त्यापासून फारसे काही घेतले नाही. विमा आगीचा होता, आणि भूकंपाचे नाव गाजले तर भांडवल येणार नाही अशी व्यापाऱ्यांना धास्ती होती, म्हणून आपत्तीचे वर्णन भूकंपापेक्षा आग म्हणूनच करण्याकडे कल राहिला. इतकेच नव्हे, तर पुनर्बांधणीचा सोहळा म्हणून १९१५ मध्ये भरवलेल्या पनामा-पॅसिफिक प्रदर्शनासाठी उत्तर किनाऱ्यावर उपसागराच्या तळाची वाळू पंपाने उपसून नवा भराव घालण्यात आला, आणि प्रदर्शन संपल्यावर त्यावर मरीना ही घरांची वस्ती उभी राहिली.

वुड यांच्या नकाशात एक मर्यादा होती, हेही सांगितले पाहिजे: तो झालेल्या पडझडीचा नकाशा होता, आणि पडझडीत इमारतीची कमकुवत बांधणी व जमिनीचा दोष या दोन गोष्टी मिसळलेल्या असतात. त्या वेगळ्या करायच्या तर हादरा मोजावा लागतो. भूकंपाच्या आडव्या हेलकाव्याचे तरंग कठीण खडकातून सेकंदाला ७६० मीटरहून अधिक वेगाने जातात, तर मऊ गाळात हा वेग १८० मीटरच्याही खाली येतो; वेग घटला की तीच ऊर्जा वाहून नेण्यासाठी हेलकावा मोठा होतो. शिवाय मऊ थराला स्वतःचा आंदोलनकाल, म्हणजे एका पूर्ण हेलकाव्यास लागणारा वेळ, असतो, आणि तो थराच्या जाडीच्या चौपटीला तरंगवेगाने भागून अंदाजे काढता येतो. ४० मीटर जाडीच्या आणि ८० मीटर वेगाच्या थराचा आंदोलनकाल २ सेकंद येतो. मेक्सिको शहर जुन्या सरोवराच्या अशाच चिकणमातीवर वसले आहे, आणि १९८५ मध्ये साडेतीनशेहून अधिक किलोमीटर दूर झालेल्या भूकंपात तेथील मध्यम उंचीच्या बहुमजली इमारती पडल्या, कारण त्यांचा आंदोलनकाल जमिनीच्या आंदोलनकालाच्या जवळपास होता.

सॅन फ्रान्सिस्को परिसरात हे मोजमाप भूभौतिकशास्त्रज्ञ रॉजर बोर्चर्ट यांनी केले, आणि त्यासाठी त्यांनी पुढच्या मोठ्या भूकंपाची वाट पाहिली नाही. नेव्हाडात जमिनीखाली होणाऱ्या अणुचाचण्यांचे तरंग उपसागराभोवती येऊन पोहोचत, ते त्यांनी खडक, गाळमाती आणि खाडीचा चिखल अशा वेगवेगळ्या जमिनींवर नोंदवले व १९७० मध्ये प्रसिद्ध केले. चिखलावरील हेलकावा खडकावरील हेलकाव्याच्या कित्येक पट निघाला. पुढे सहकारी गिब्ज यांच्यासह त्यांनी हे आकडे १९०६ च्या तीव्रतेशी ताडून पाहिले, तेव्हा दोन्हींचा मेळ बसला. पायी फिरून, धुराडी पाहून केलेल्या कामाला साठाहून अधिक वर्षांनी यंत्राने दिलेली ही पावती या शास्त्राच्या इतिहासात मोठ्या मानाची आहे.

१७ ऑक्टोबर १९८९ च्या लोमा प्रिएता भूकंपाचा उगम शहरापासून शंभरएक किलोमीटर दूर होता, तरी मरीनातील भरावाचे द्रवीकरण झाले, म्हणजे पाण्याने संपृक्त वाळू हादऱ्याने आपला भार पेलण्याचा गुण गमावून पाण्यासारखी वाहू लागली. उपसागरापलीकडे ओकलंडमध्ये दुमजली सायप्रस महामार्गाचा चिखलावरील भाग कोसळून ४२ माणसे दगावली, आणि त्याच बांधणीचा, पण घट्ट वाळू व खडीवरचा भाग उभा राहिला. दुसऱ्याच वर्षी कॅलिफोर्नियाने भूकंप-धोक्याच्या नकाशांचा कायदा केला: द्रवीकरणाची आणि दरडींची क्षेत्रे राज्याने आखायची, त्यांत बांधकामाच्या परवानगीपूर्वी जमिनीची तपासणी व्हायची, आणि घर विकणाऱ्याने ते अशा क्षेत्रात असल्याचे घेणाऱ्यास सांगायचे.

शहराच्या अंतर्गत भागांचे असे वर्गीकरण करण्याला सूक्ष्मक्षेत्रीकरण म्हणतात. भारतात १९९७ च्या भूकंपानंतर जबलपूर शहरासाठी हे काम हाती घेतले गेले, आणि आपल्या भूकंपरोधक बांधकामाच्या मानकातही कठीण, मध्यम आणि मऊ अशा तीन प्रकारच्या जमिनींसाठी वेगवेगळे गणित दिलेले आहे. मुंबईसारख्या शहरात प्लॉटपुरती भोके पाडून केलेली तपासणी या कामाला अपुरी पडते, कारण तेथे कठीण बेसाल्टच्या उंचवट्यांच्या मध्ये सागरी चिकणमाती आहे आणि तिच्यावर हॉर्नबी वेलार्डच्या बांधापासून आजवर, निरनिराळ्या काळी निरनिराळ्या सामग्रीने घातलेले भराव आहेत. कोणता भराव कधी पडला, तो कशाचा होता आणि त्याखाली खाडी होती की खाजण, हे जुन्या नकाशांवरून लावून घेणे हा तेथील कामाचा पहिला टप्पा ठरतो. तरंगवेग मोजणारी यंत्रे कोठे ठेवायची, ते त्यानंतरच ठरवता येते.