धुळपाटीची कुळकथा

पेशवाईच्या अखेरच्या दिवसांत आणि पुढे कंपनी सरकारच्या अमलातही, पाच-सहा वर्षांचे मूल ज्या दिवशी गावच्या पंतोजींच्या हवाली होई, त्या दिवशी त्याच्या हाती ना कागद पडे ना दौत. एक लाकडी फळी, तिच्यावर पसरावयास विटकरीची भुकटी किंवा चाळलेली माती, आणि अणकुचीदार काडी, एवढाच त्याच्या विद्येचा सारा सरंजाम असे. पंतोजी भुकटीवर अक्षर काढून देत, मुलाचा हात आपल्या मुठीत धरून तो त्या अक्षराच्या वळणावरून दोन-चार वेळा फिरवीत, आणि मग तो विद्यार्थी त्याच अक्षराचा मोठ्याने घोष करीत तेच वळण गिरवीत बसे. अक्षर बिघडले तर फळी जराशी हलवावयाची, की भुकटी पुन्हा सपाट. धुळाक्षरे बसली म्हणजे बाराखड्या, जोडाक्षरे, उजळणी, आणि पावकी-निमकीपासून औटकीपर्यंतचे ते सुप्रसिद्ध पाढे. आणि हात पुरता वळल्यानंतरच बोरूची लेखणी आणि कागद.

हा क्रम कोणा शिक्षणशास्त्रज्ञाने विचारपूर्वक बांधलेला होता असे मानण्यास मला आधार दिसत नाही. जुन्नरचा किंवा दौलताबादेजवळच्या कागजीपुऱ्याचा हातकागद हा दफ्तराचा आणि पोथ्यांचा जिन्नस होता. तो अक्षरशत्रू पोराने रेघोट्या ओढून नासावा ही कल्पनाही त्या काळच्या गृहस्थास सोसली नसती. धूळ मात्र फुकट होती. काटकसरीपोटी आलेल्या या धुळीने एक काम नकळत केले, ते असे की अक्षर हे पाहण्याच्या आधी चाचपण्याची वस्तू झाले. काडीखाली भुकटी सरकते, चर पडतो, आणि वळण कोठे आवळावे व कोठे सैल सोडावे हे डोळ्याच्या आधी हाताला कळते. ज्या मुलाला पुढे मोडी लिहावयाची, म्हणजे आधी पानभर आडवी रेघ ओढून मग तिला अक्षरे टांगीत, शक्य तितका हात न उचलता धावावयाचे, त्याला ही हाताची स्मृती फडावरच्या नोकरीत फार उपयोगी पडत असली पाहिजे. समर्थांनी दासबोधात एक सबंध समासच लेखनक्रियेला दिला, यावरून वळणदार अक्षराची चाड केवळ कारकुनांपुरती नव्हती हेही ध्यानात येते.

ही काटकसर महाराष्ट्रापुरतीही नव्हती. पिएत्रो देल्ला व्हाल्ले नावाचा इटालियन प्रवासी 1623 साली गोव्याहून इक्केरीच्या नायकाकडे निघालेल्या वकिलातीबरोबर कर्नाटकात शिरला. वाटेत सामानाची बांधाबांध चालली असता तो एका देवळाच्या ओसरीत टेकला, तो तेथे चार मुले गणित घोकताना त्याच्या दृष्टीस पडली. जमिनीवर बारीक वाळू पसरलेली. एकाने चालीवर ओळ म्हणावयाची, साऱ्यांनी ती म्हणत म्हणत बोटाने वाळूत लिहावयाची, आणि जागा भरली की पुसून नवी वाळू पसरावयाची. कागद व्यर्थ खर्ची पडू नये म्हणून ही तजवीज, असे त्याने स्वच्छ नमूद केले आहे. तुम्हांस शिकवितो कोण, विसरलात तर सांगतो कोण, असे विचारता मुलांनी दिलेले उत्तर तर फारच मार्मिक होते: चौघेही एकच जागा एकदम विसरतील हे संभवत नाही, म्हणून पंतोजीवाचून आमचे काही अडत नाही.

यानंतर सुमारे पावणेदोन शतकांनी हीच वाळू विलायतेस गेली. मद्रासेस सैनिकांच्या अनाथ मुलांसाठी चालविलेल्या आश्रमाचे काम 1789 पासून पाहणारा अँड्र्यू बेल हा स्कॉटिश पाद्री एकदा घोड्यावरून जात असता एका मलबारी शाळेवरून गेला आणि वाळूत बोटाने अक्षरे काढणारी मुले पाहून हरखून परतला. त्याच्या हाताखालच्या शिक्षकांनी मात्र या गावंढळ रीतीस दाद दिली नाही. तेव्हा त्याने जॉन फ्रिस्कन नावाच्या, शिपायाच्या पोटच्या आठ वर्षांच्या पोरास वर्णमालेच्या वर्गावर नेमून काम साधले. मोठ्या मुलाने लहानास शिकवावे ही त्याची पद्धत 1797 साली लंडनला छापून निघाली. तेथे जोसेफ लँकेस्टर या दुसऱ्या शाळाचालकाने काळ्या रंगाच्या मेजावर पांढरी वाळू पातळ पसरून शेकडो दरिद्री मुलांस एकदम अक्षरे शिकविण्याचा सपाटा लावला. पुढे दोघांच्या अनुयायांत श्रेयाचा जो कडाक्याचा कलह माजला, त्यात ज्याच्या ओसरीवरून ही वाळू उचलली तो पंतोजी पक्षकार नव्हता, हे सांगणे नलगे. आणि 1815 साली मुंबईस स्थापन झालेल्या शिक्षणमंडळीने बेलचीच पद्धत पत्करली, म्हणजे घरची धूळ विलायती शिक्का लागून घरी आली.

ही हकिकत अभिमानाने सांगण्याचा मोह होतो. पण जे गेले ते ज्ञान नव्हे, खर्च वाचविण्याची तोड होती, आणि बेल-लँकेस्टरांनाही तिच्यात तेवढेच दिसले. म्हणूनच दगडी पाटी सर्वत्र स्वस्त मिळू लागताच धुळपाटी कोणतीही खळखळ न होता अडगळीत गेली. पाटी सोयीची खरी, दसऱ्याला एकच्या आकड्यांची सरस्वती तिच्यावर काढून पूजा करण्याइतकी ती आपल्या घरांत रुळलीही. तथापि पेन्सिल पाटीवरून निसटते, बोटाला हाती काहीच लागत नाही, आणि अक्षर पुन्हा निव्वळ डोळ्याचा विषय होते.

स्पर्शाला स्वतंत्र प्रतिष्ठा दिली ती मारिया माँटेसोरीबाईंनी. रोमच्या सान लोरेन्झो या कष्टकऱ्यांच्या वस्तीत 6 जानेवारी 1907 रोजी त्यांचे बालगृह उघडले. यापूर्वी मंदबुद्धी मुलांसाठी त्यांनी लाकडाची सुबक अक्षरे करवून घेतली होती. तशी येथे घडवून मिळेनात, म्हणून काचकागदाची अक्षरे कातरून गुळगुळीत पुठ्ठ्यावर डकवली. मुलाने दोन बोटे लिहिण्याच्या दिशेने त्यावरून फिरवावी आणि उच्चार करावा. बोट खरखरीतावरून गुळगुळीतावर घसरले, की चूक शिक्षकाने न सांगता कळते, डोळे मिटले असले तरीही. थोड्याच महिन्यांनी, डिसेंबरातल्या एका उन्हाच्या दिवशी, गच्चीवर धुराड्याचे चित्र काढीत बसलेला एक मुलगा खडूने आपण होऊन शब्द लिहू लागला. येथेही आरंभ अडचणीतूनच झाला. फरक इतकाच, की या बाईंनी अडचणीतून जे निष्पन्न झाले त्याचा अर्थ लावला.

महाराष्ट्रात हा विचार रुजविण्याचे श्रेय ताराबाई मोडकांचे. भावनगरास गिजुभाई बधेकांच्या सहवासात त्यांनी माँटेसोरी पद्धती आत्मसात केली, आणि 1945 साली तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डीस ग्राम बालशिक्षा केंद्र उघडले. शहरी बालमंदिरातली महागडी साधने खेड्यात परवडणार नाहीत हे त्यांनी ओळखले; अनुताई वाघांना बरोबर घेऊन बिया, शिंपले, पाने, खडे अशा आसपास मिळणाऱ्या वस्तूंतून त्यांनी साधने सिद्ध केली, आणि 1957 साली तेच काम कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांपर्यंत नेले. पंतोजींनी पैशाअभावी जे केले ते ताराबाईंनीही पैशाअभावीच केले, परंतु का करीत आहोत हे पूर्ण जाणून. आज बाजारात मिळणाऱ्या ठिपक्यांच्या गिरवणीपुस्तकांकडे पाहता मला या जाणिवेचीच उणीव भासते: मूल ठिपके जोडते, प्रसंगी ‘ळ’ शेपटीकडून सुरू करते, छापील अक्षर मात्र दिसावयास बिनचूक होते, आणि पालक त्यावर संतुष्ट असतात.