तेलक्षेत्रातील सांडपाणी
तेलक्षेत्रातील सांडपाणी म्हणजे मुख्यतः खनिज तेल व नैसर्गिक वायू काढताना त्यांच्याबरोबर भूगर्भातून वर येणारे पाणी होय. तेलविहीर जुनी होते तसे या पाण्याचे प्रमाण सहसा वाढत जाते. महाराष्ट्राच्या किनाऱ्यापलीकडील मुंबई हाय हे भारतातील प्रमुख सागरी तेलक्षेत्र १९७४ मध्ये सापडले व १९७६ मध्ये तेथे उत्पादन सुरू झाले.

या पाण्यात तेलाचे थेंब, क्षार व गाळ यांखेरीज बेंझिन, फिनॉल यांसारखी विरघळलेली संयुगे असतात. पाणी संथ ठेवल्यास मोठे थेंब वर तरंगतात व वेगळे करता येतात. पायसातील सूक्ष्म थेंबांसाठी पाण्यात हवेचे बुडबुडे सोडतात किंवा विद्युत प्रवाहाच्या साहाय्याने थेंबांच्या गुठळ्या करतात. विरघळलेली संयुगे मात्र यांतून बरीचशी निसटतात. त्यांसाठी सक्रियित कार्बन किंवा जिवाणूंचा वापर होतो. त्यामुळे निवळ दिसणारे पाणी निर्धोक असतेच असे नाही.

अभियांत्रिकीच्या विद्यार्थी-प्रकल्पांत अनेकदा पाण्यात तेल, मीठ व पायसकारक मिसळून कृत्रिम नमुना तयार करतात. विहिरीतील पाण्याचे घटक स्थळकाळानुसार बदलत असल्याने अशा प्रयोगांचे निष्कर्ष प्रत्यक्ष सांडपाण्यावर पडताळणे आवश्यक असते.