कश्शाफा : वाट शोधणारी पोरं

सौदी अरेबिया म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे वाळू, उंट आणि तेलाच्या विहिरी येतात. खमीस मुशैत यात कुठेच बसत नाही. देशाच्या नैऋत्येला, असीरच्या डोंगरात, समुद्रसपाटीपासून सुमारे २००० मीटरवर वसलेलं हे गाव. म्हणजे आपल्या महाबळेश्वरापेक्षा सहाशे मीटर उंच! खमीस म्हणजे गुरुवार आणि मुशैत हे इथल्या शहरान टोळीच्या प्रमुखांचं घराणं. मुशैतांचा गुरुवारचा बाजार, तेच गावाचं नाव. आपल्याकडे बुधवार पेठ, शुक्रवार पेठ असतेच की, तसंच हे.

जवळच अबहा शहर आणि त्यापलीकडे जबल सौदा, साधारण ३००० मीटर. आपलं कळसूबाई १६४६. या डोंगरात जुनिपरची झाडं, माकडांच्या झुंडी आणि रात्री बोचरी थंडी. इथल्या शाळांमधून स्काऊटची पथकं असतात. अरबीत त्यांना 'कश्शाफा' म्हणतात. 'कश्फ' म्हणजे उघड करणं, शोधून काढणं. रात्रीच्या मुक्कामाचा हाईक, नकाशा आणि होकायंत्र घेऊन ठरलेल्या जागी पोचणं, काठ्या आणि दोरीचा पूल बांधणं, सहा-आठ जणांच्या टोळीने स्वतःचा स्वयंपाक करणं, हे सगळं यांच्याकडेही आहे. (या उंचीवर पाणी ९३ अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे कुकर नसेल तर डाळ शिजता शिजत नाही. पहिला धडा तिथेच मिळतो.)

आता गंमत अशी की हा सगळा प्रकार सुरू झाला आपल्याकडे. म्हणजे मीरतला.

रॉबर्ट बेडन-पॉवेल हे ब्रिटिश घोडदळातले अधिकारी. १८९७ साली मीरतच्या एका रेजिमेंटची सूत्रं त्यांच्याकडे आली. त्यांनी शिपायांना लहान लहान टोळ्यांत टेहळणीचं शिक्षण द्यायला सुरुवात केली. हुकमाची वाट बघत बसायचं नाही. स्वतः बघायचं, स्वतः ठरवायचं. यात तयार झालेल्याला होकायंत्राच्या उत्तर दिशेच्या खुणेचा बिल्ला मिळे. तोच आकार आज जगभरच्या स्काऊटच्या चिन्हात दिसतो. पुढे दक्षिण आफ्रिकेत माफेकिंगला २१७ दिवसांचा वेढा पडला (१८९९-१९००). तिथे पोरांचं पथक निरोप पोचवण्याचं काम करत होतं. पोरांवर जबाबदारी टाकली की ती पेलतात, हे तिथे दिसलं.

ऑगस्ट १९०७ मध्ये इंग्लंडच्या ब्राउनसी बेटावर वीसेक मुलांचं पहिलं शिबिर झालं. श्रीमंत शाळांतली मुलं आणि कामकऱ्यांची मुलं एकत्र, चार टोळ्यांत. दर रात्री एक टोळी शिधा घेऊन मुक्कामापासून दूर जायची, स्वतः शिजवायची आणि पहारा द्यायची. बेडन-पॉवेल अंधारात सरपटत जाऊन पहारेकऱ्यांची परीक्षा घेत! आजच्या रात्रीच्या हाईकचं मूळ तिथे आहे.

१९०९ साली बंगलोरला भारतातलं पहिलं पथक निघालं, पण ते गोऱ्या आणि अँग्लो-इंडियन मुलांसाठी. ज्या देशात ही पद्धत घडली, त्याच देशातल्या मुलांना दार बंद. कारण उघड होतं. टेहळणी, नकाशा, गुप्त निरोप हे नेटिव्ह पोरांना शिकवायचं म्हणजे सरकारला धास्तीच.

मग आपल्या लोकांनी आपलं दार स्वतः उघडलं. १९१६ मध्ये ॲनी बेझंट यांनी भारतीय मुलांसाठी संघटना काढली. १९१८ मध्ये पंडित मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि श्रीराम वाजपेयी यांनी सेवा समितीची स्काऊट संघटना उभी केली. यातले कुंझरू हे गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९०५ साली पुण्यात स्थापलेल्या भारत सेवक समाजाचे सदस्य, आणि १९३६ पासून त्याचे अध्यक्ष. म्हणजे या धाग्याचं एक टोक थेट पुण्यात आहे. नावातच बदल बघा. टेहळणीच्या जागी 'सेवा' आली. मेळ्यात गर्दी आवरणं, हरवलेल्याला घरच्यांपर्यंत पोचवणं, हे काम झालं.

१९३७ च्या भारतभेटीनंतर बेडन-पॉवेल यांनी भारतीयांच्या चारित्र्याबद्दल काढलेल्या उद्गारांवरून वादळ उठलं आणि पुढच्या वर्षी वेगळी हिंदुस्थान स्काऊट असोसिएशन निघाली. अखेर ७ नोव्हेंबर १९५० ला सगळे एकत्र येऊन भारत स्काऊट्स झाले. पुढच्या वर्षी गाईड्सही आल्या. आपण शाळेत 'खरी कमाई'च्या नावाखाली भेळ विकली ती याच संघटनेची.

सौदीची स्काऊट संघटना १९६१ ची. आणि तिचं सर्वात मोठं काम कोणतं? हजच्या यात्रेत हरवलेल्यांना वाट दाखवणं! मक्केजवळ मिना इथे एक लाखाहून जास्त तंबू आहेत. १९९७ च्या भीषण आगीनंतर ते न पेटणाऱ्या कापडाचे झाले, पण सगळे एकसारखे. २०२४ साली हजला १८ लाखांवर माणसं होती. त्यात एखादी म्हातारी आपला तंबू चुकली तर? ना भाषा येते, ना पाटी वाचता येते. स्काऊटची पोरं यात्रेआधी तिथे जाऊन तंबूंची पाहणी करतात, कुठल्या देशाचे यात्रेकरू कुठे हे नकाशावर मांडतात, आणि मग हात धरून माणसं पोचवतात.

इंजिनियर म्हणून मला यात एक गोष्ट फार आवडते. तंत्र तेच आहे: नकाशा, दिशा, लहान टोळी, रात्रीचं जागरण. मीरतला त्याचा उपयोग शत्रू शोधायला होता. मिनात आणि आपल्या मेळ्यांत हरवलेलं माणूस शोधायला. हत्यार कशासाठी वापरायचं हे ज्याच्या हातात ते असतं तोच ठरवतो.

स्काऊटचं ब्रीद अरबीत आहे 'कुन मुस्तइद्दन', तयार राहा. हा शब्द आपल्याला परका नाही. जुन्या मराठीत 'मुस्तेद' म्हणजे सज्ज. आपण तो फौजेसाठी वापरायचो. असीरच्या डोंगरात पाठीवर पिशव्या घेऊन चढणाऱ्या बारा-तेरा वर्षांच्या पोरांना तो जास्त शोभतो, असं मला वाटतं.