वनस्पतिपेशीतील कॅलरेटिक्युलिन : नाव व स्थान

कॅल्शियम धरून ठेवणाऱ्या प्रथिनांचे वनस्पतिपेशीतील स्थान ठरविताना संशोधकांना प्रथम त्यांच्या नावांचा घोळ निस्तरावा लागला. १९७१ साली मॅक्लेनन व वाँग यांनी सशाच्या स्नायूंतून एक प्रथिन वेगळे करून त्यास ‘कॅलसिक्वेस्ट्रिन’, म्हणजे कॅल्शियम बाजूस काढून ठेवणारे, असे नाव दिले. १९७४ मध्ये ऑस्टवल्ड व मॅक्लेनन यांना तेथेच दुसरे प्रथिन आढळले. पंधरा वर्षे ते प्रयोगशाळेगणिक वेगळ्या नावाने वावरले. १९८९ मध्ये त्याचा अमिनो आम्लांचा क्रम उलगडला आणि ‘कॅलरेटिक्युलिन’ हे नाव रूढ झाले. लॅटिन ‘रेटिक्युलम’ म्हणजे लहान जाळे. आंतर्द्रव्यजालिका हा प्रथिनाचा पत्ता असा नावातच गोवला गेला.

त्याच वर्षी वनस्पतिपेशींत कॅलसिक्वेस्ट्रिन असते, असे प्रतिपादन झाले. प्राण्यांतील प्रथिनाविरुद्धच्या प्रतिपिंडांनी वनस्पतींतील एक प्रथिन ओळखले, हा त्याचा एक प्रमुख आधार होता. १९९३ मध्ये फ्रान्सेस्की व सहकाऱ्यांना तसेच प्रथिन पिस्टिया या पाण्यावर तरंगणाऱ्या वनस्पतीच्या स्फटिकपेशींत दिसले. (अळूच्या कुळातीलच ही वनस्पती, अळूने घसा खवखवतो तो अशाच कॅल्शियम ऑक्झॅलेटच्या स्फटिकांमुळे.) परंतु प्रतिपिंडाने दिलेली साक्ष ही सादृश्याची साक्ष होय, नात्याची नव्हे. फारसी ‘बद’ व इंग्रजी ‘बॅड’ यांचे ध्वनी व अर्थ जुळतात. व्युत्पत्ती मात्र भिन्न आहे. या दोन प्रथिनांचीही शेपटे आम्लधर्मी अमिनो आम्लांनी भरलेली असतात, आणि कॅल्शियम दोन्हींना चिकटते. अखेर २००३ मध्ये नकाता, कॉस्टमन व फ्रान्सेस्की यांनी पिस्टियाच्या त्याच स्फटिकपेशींत कॅलरेटिक्युलिन विपुल असल्याचे दाखविले. स्वतःच्याच पूर्वीच्या नामकरणाकडे पुन्हा वळण्याची ही वृत्ती विरळा म्हणावी लागेल.

दरम्यान १९९३ मध्ये पालकाच्या पानांत व १९९५ मध्ये तंबाखूत कॅलरेटिक्युलिन निश्चित झाले होते. वनस्पतींत या प्रथिनाच्या अखेरीस बहुधा हिस्टिडीन, अस्पार्टिक आम्ल, ग्लुटामिक आम्ल व ल्युसीन हा चौकडा असतो. प्राण्यांत हिस्टिडीनच्या जागी लायसीन येते. असा चौकडा प्रथिनास जालिकेत राखतो, हे मन्रो व पेल्हॅम यांनी १९८७ मध्येच सिद्ध केले होते.

तथापि १९९९ मध्ये बालुश्का व सहकाऱ्यांना मक्याच्या मुळाग्रात हे प्रथिन मुख्यतः पेशीभित्ती छेदून जाणाऱ्या जीवद्रव्यतंतूंपाशी आढळले. नावाने सांगितलेला पत्ता येथे चुकला असे वरवर वाटते. पण त्या तंतूंच्या मध्यातून जालिकेचीच एक अरुंद नळी शेजारच्या पेशीत जात असते.